तपासणीपुरती स्वयंपाकीण

फान सर सोमवारी सकाळी मोटरसायकलवरून सानपोचा चढ चढून आले आणि हेल्मेट काढायच्या आधीच त्यांनी शिन बाईंना सांगून टाकलं, "गुरुवारी तुम्ही स्वयंपाकीण."

शिन बाई तेव्हा फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहीत होत्या. त्यांनी खडू खाली ठेवला नाही. "म्हणजे काय, सर?"

"म्हणजे गुरुवारी वर्गात पाय ठेवायचा नाही. एप्रन बांधायचा आणि चुलीपाशी उभं राहायचं. वर्ग लू बाई घेतील, शहरातल्या शाळेच्या. बक्षीस मिळालंय त्यांना गेल्या वर्षी."

फान सर खालच्या मातिएन बाजारगावातल्या मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक. डोंगरातल्या सात छोट्या शाळाही त्यांच्याच गळ्यात होत्या आणि सानपोची शाळा त्यातली सर्वांत वरची. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, तेवीस मुलं आणि एक शिन बाई. गुरुवारी प्रांताचं पथक येणार होतं. गावातल्या मुलाला आणि शहरातल्या मुलाला सारखंच शिक्षण मिळतं, हे त्या पथकाला बघायचं होतं. मिळतं की नाही ते नव्हे. मिळतं हे बघायचं होतं, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या साहेबांनी ते दाखवायचं होतं.

नियम असा की प्रत्येक शाळेत पदवीचा शिक्षक हवा. शिन बाई नववी पास. शाळेला मास्तर मिळेना म्हणून गावाने त्यांना तात्पुरतं उभं केलं होतं, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. गावाच्या कागदावर त्या 'हंगामी'. असला एकोणीस वर्षांचा हंगाम कुठल्या पिकाचा असतो, ते शिक्षण खात्यालाच ठाऊक.

"आणि मुलं?" बाईंनी विचारलं. "मुलं काय सांगतील?"

"ते तुम्ही बघायचं. तुमचं ऐकतात ती." फान सरांनी खिशातून सिगारेट काढली आणि मुलांकडे बघून परत आत ठेवली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिन बाईंना सोपं गेलं असतं. "हे बघा बाई, हंगामी शिक्षकांना कायम करायची यादी या महिन्याअखेर जातेय. पंधरा वर्षं सलग शिकवल्याचा दाखला आणि माझी सही. पथक खूश होऊन डोंगर उतरलं की दुसऱ्या दिवशी मी सही करतो. आणि पथक नाखूश झालं तर शाळाच बंद. ही तेवीस पोरं मातिएनच्या वसतिगृहात. मग यादी कसली न् सही कसली."

यादीचं नाव ऐकून शिन बाईंना च्यू मास्तर आठवले. पलीकडच्या डोंगरातले च्यू मास्तर बावीस वर्षं हंगामी होते. एके दिवशी पदवीवाला पोरगा आला आणि च्यू मास्तरांना एक गोधडी आणि एक थर्मास देऊन निरोप दिला. आता ते मातिएनच्या बाजारात भाजलेल्या बिया विकतात. जुनी मुलं दिसली की मान खाली घालतात, मुलंही घालतात. शिन बाई बाजाराला गेल्या की त्या गल्लीतून जात नसत. कायम झालं की म्हातारपणी निवृत्तिवेतन, दवाखाना आणि मुख्य म्हणजे कुणी गोधडी देऊन घालवू शकत नाही. एवढंच त्यांना हवं होतं. जास्त काही मागितलं असतं तर गोष्ट वेगळी.

"एक दिवसाचाच प्रश्न आहे ना," त्या म्हणाल्या.

"अर्धा दिवस. जेवून जातील."

मंगळवारी ट्रक आला. बारा कॉम्प्युटर, आठशे पुस्तकं, एक पृथ्वीचा गोल, एक ॲकॉर्डियन आणि काचेच्या कपाटात बसवलेला मानवी सांगाडा. सांगाड्याला बघून सहा वर्षांची श्याओमान किंचाळत बाहेर पळाली आणि दिवसभर आत यायला तयार नव्हती. पुस्तकांवर शहरातल्या शाळेचा शिक्का होता. त्यावर सानपोचा शिक्का मारायचं काम पाचवीच्या मुलांना मिळालं. ती इतकी खूश होती की दुपारच्या सुट्टीत खेळायलाही गेली नाहीत. ज्या पुस्तकावर शिक्का मारायचं ते उघडून दोन पानं वाचायची, मग शिक्का. संध्याकाळपर्यंत निम्म्यावरही शिक्के बसले नव्हते. बाईंनी ओरडायला हवं होतं, पण त्यांच्याने ओरडवेना.

येनच्यू कॉम्प्युटरपुढे बसली होती. अकरा वर्षांची, वर्गातली सर्वांत हुशार. आईबाप दक्षिणेकडच्या बुटांच्या कारखान्यात, ती आणि तिचे आजोबा गावात. वायर कुठेच जोडलेली नव्हती, जोडली असती तर अख्ख्या सानपोचे दिवे गेले असते. काळ्या पडद्यासमोर बसून ती एकेक कळ हळूच दाबत होती.

"बाई, हे आपले?"

"शुक्रवारपर्यंत."

"मग शुक्रवारपर्यंत मी इथेच बसते," ती म्हणाली. आजूबाजूची मुलं हसली. ती हसली नाही.

बुधवारी लू बाई आल्या. चोवीस-पंचवीस वर्षांची नाजूक मुलगी, चढ चढून धापा टाकत, पांढरे बूट मातीने पिवळे झालेले. शिन बाईंनी तिचा राग करायचं ठरवून ठेवलं होतं, पण ती आल्या आल्या म्हणाली, "ताई, मला खरंच लाज वाटतेय," आणि रागाचं बिनसलं.

धडा शिन बाईंचाच, अपूर्णांकांचा. तो दिवसभर बसवला, नाटक बसवतात तसा. कुठला प्रश्न कधी, कोण उभं राहणार, कोण अडखळणार आणि कोण सावरून घेणार, सगळं ठरलं. मग लू बाईंनी शहरातली युक्ती शिकवली. "प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. एकही हात खाली नको. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मी उजव्यालाच उठवीन."

"शहरात पण असंच करतात?" येनच्यूने विचारलं.

लू बाई लाल झाल्या. "पाहुणे आले की."

"म्हणजे शहरातल्या मुलांना पण येत नाही?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला. दोन दिवसांत पहिल्यांदाच शिन बाईही हसल्या.

पुढचं काम मात्र त्यांनाच करावं लागलं. लू बाईंना बाहेर पाठवून त्यांनी दार लावलं. "उद्या मी कोण?"

"मावशी."

"कुठली मावशी?"

"स्वयंपाकाची मावशी."

"तुमच्या बाई कोण?"

"लू बाई."

"कधीपासून?"

"तीन वर्षांपासून."

श्याओमानला काही केल्या जमेना. ती प्रत्येक वेळी "बाई" म्हणायची आणि मग तोंडावर हात ठेवून रडायची. शिन बाईंनी तिला समोर उभं करून वीस वेळा म्हणायला लावलं. मावशी, मावशी, मावशी. विसाव्या वेळी ती न चुकता म्हणाली. याआधी मुलांनी एखादी गोष्ट अचूक पाठ केली की शिन बाई त्यांना शाबासकी द्यायच्या. त्या दिवशीही दिली, सवयीने, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगाच भांडी घासत बसल्या.

गुरुवारी तीन गाड्या आल्या. सात माणसं उतरली, त्यातली चार नुसती पाणी आणि छत्र्या धरायला. पथकप्रमुख निए साहेब साठीचे, बुटके, हातात चहाचा जुना थर्मास. सांगाडा बघून ते म्हणाले, "अरे वा, हा पण गावचाच का?" सगळे साहेब मोठ्याने हसले, फान सर सगळ्यांत मोठ्याने.

स्वयंपाकघराची खिडकी वर्गाच्या खिडकीला लागूनच होती. शिन बाई बटाटे चिरत ऐकत होत्या. लू बाईंनी पहिला प्रश्न विचारला. तेवीस हात वर गेल्याची सळसळ ऐकू आली. दुसरा प्रश्न, पुन्हा सळसळ. ठरल्या जागी एक मुलगा अडखळला, ठरल्या जागी दुसऱ्याने सावरलं. आणि मग निए साहेबांचा आवाज आला, "मी विचारू का एक?"

बाईंची सुरी थांबली.

"तू सांग. हो, तूच. डावा हात वर केलाय ना, तू."

फान सर खोकले. साहेब स्वतःच हसले. "बस, बस. आमच्या वेळी आम्ही मूठ आणि पंजा करायचो. बरं, दुसरं कुणी सांगा. एका शेतात एक तृतीयांश बटाटे लावले, एक चतुर्थांश ओट. उरलं किती?"

हा प्रश्न बसवलेला नव्हता. बाक सरकल्याचा आवाज झाला आणि येनच्यू म्हणाली, "बारातले पाच भाग, साहेब."

"कसे काय?"

"शेताच्या बारा सारख्या पट्ट्या करायच्या. चार बटाट्याच्या, तीन ओटच्या. बाराच का, तर बाराचे तीनही सारखे भाग होतात आणि चारही होतात. भाकरीचे तुकडे करून कळत नसेल तर शेतात जाऊन पावलं मोजायची."

"पावलं मोजायची!" साहेबांना मजा वाटली. "हे पुस्तकात नाही. कुणी शिकवलं हे तुला?"

एप्रिलमध्ये शिन बाई सगळ्या वर्गाला येनच्यूच्या आजोबांच्या शेतात घेऊन गेल्या होत्या. दिवसभर पट्ट्या आखल्या होत्या, आजोबा बांधावरून शिव्या घालत होते. शिन बाई खिडकीजवळ सरकल्या. एका मनाने म्हटलं, सांग, पोरी, सांगून टाक. दुसऱ्या मनाने म्हटलं, तोंड सांभाळ.

"लू बाईंनी," येनच्यू म्हणाली. जराही अडखळली नाही.

बाईंना सुटल्यासारखं वाटलं आणि कुणीतरी कानाखाली मारल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकाच क्षणी वाटलं, त्यामुळे रडावं की नाही ते कळेना. त्यांनी उरलेले बटाटे चिरले.

जेवणाआधी निए साहेब एकटेच स्वयंपाकघरात आले, थर्मासमध्ये गरम पाणी घ्यायला. मागोमाग कागद घेऊन एक पोरगेला कारकून. साहेबांनी चिरलेले बटाटे बघितले, मग बाईंचे हात. उजव्या हाताच्या दोन बोटांवर खडूचं पांढरं होतं. ते कितीही धुतलं तरी नखांच्या कडेने राहतंच.

"पीठ का?" साहेबांनी विचारलं.

"हो, पीठ."

"आज तर भात दिसतोय."

बाईंनी हात एप्रनला पुसले. साहेब बराच वेळ पाणी भरत होते. "बटाटे फार जाड चिरलेत हो," ते म्हणाले. "किती वर्षं झाली तुम्हाला या शाळेत?"

फान सरांनी सांगितलं होतं, कुणी विचारलं तर दोन वर्षं म्हणा. पण एकोणीस हा आकडा शिन बाईंच्या जिभेवर कायम तयार असायचा. अर्जावर, नवऱ्याशी भांडताना, अंगणात एकट्या असताना त्या तोच मोजायच्या. दोन म्हणणं त्यांना जमलंच नाही. सगळं दिलं, हे एक ठेवायचं, असं त्यांना वाटलं. हा माणूस समजून घेईल असंही वाटलं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं होतं. शिन बाई आजही छातीवर हात ठेवून सांगतील की त्या माणसाला सगळं कळलं होतं.

"लिहून घे," साहेब कारकुनाला म्हणाले. "मावशींचं नाव घाल, स्वयंपाकीण, एकोणीस वर्षं. अनुभवी कर्मचारी." आणि थर्मासचं झाकण लावून बाहेर गेले. कारकुनाने मुलांच्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचा कागद पुढे केला. स्वयंपाकिणीला सही कशाला, म्हणून बाईंनी लाल शाईत अंगठा बुडवून उठवला. मागे पथकाच्या ताटात पडायचा भात करपायला लागला होता, म्हणून कागद वाचायला वेळ नव्हता.

पथक खूश होऊन उतरलं. शुक्रवारी ट्रक येऊन कॉम्प्युटर, पुस्तकं आणि सांगाडा घेऊन गेला. सानपोचा शिक्का बसलेली तीनशे पुस्तकंही गेली. लू बाईंना प्रांताची शाबासकी मिळाली आणि फान सरांनी शब्द पाळला. त्यांनी शिन बाईंच्या अर्जावर सही केली, दाबून, कागद फाटेल इतकी.

सोमवारी शाळेला सुट्टी देऊन बाई पहाटेच्या गाडीने शहरात गेल्या. नवं जाकीट घातलं होतं. शिक्षण कार्यालयातल्या मुलीने अर्ज घेतला, नाव शोधलं आणि मान वर केली.

"मावशी, ही यादी शिक्षकांची आहे."

"मी शिक्षिकाच आहे. सानपोला."

"सानपोला लू बाई आहेत. तीन वर्षांपासून." तिने कॉम्प्युटरचा पडदा फिरवला. "प्रांताचा अहवाल आहे हा. तुमचं नाव स्वयंपाकात. तुम्हीच सांगितलंय, एकोणीस वर्षं. हा अंगठा तुमचाच ना?" मग तिने पान बदललं. "मुलांनी पण त्या दिवशी पथकाला लिहून दिलंय. तेवीसच्या तेवीस."

"त्याआधीचं काही?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "आधीचे पगार?"

"पगार तुम्हाला गावाने दिला ना? आमच्याकडे काहीच नाही." मुलगी वाईट नव्हती. तिने बाईंना कोमट पाणी आणून दिलं. "मावशी, स्वयंपाकिणींची पण एखादी योजना निघेल. विचारत राहा."

बाहेरून बाईंनी फान सरांना फोन लावला. कार्यालयात काय झालं ते सांगितलं.

"एकोणीस कशाला सांगितलंत हो?" फान सर म्हणाले, अगदी कळवळून. "दोन सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्हाला माहितीय."

"काय सांगू? की पथकाला फसवलं? अहवाल खोटा निघाला की सानपोची शाळा उद्या बंद. श्याओमान सहा वर्षांची आहे, बाई. मातिएनला एका पलंगावर दोन-दोन मुलं झोपतात. मग सांगू?" थोडं थांबून ते म्हणाले, "तरी पुरावा आणा. गावाचा, मुलांचा. खोटं पडणार नाही असं काहीतरी आणा. मी बघतो. शुक्रवारी यादी बंद होतेय."

परतीच्या गाडीत बाईंनी ठरवलं, मुलांकडून लिहून घ्यायचं. कोण शिकवतं, कधीपासून, काय काय शिकवलं. मुलांचं अक्षर, मुलांची भाषा. तेवीस कागद बघून कुणाच्या तरी मनाला पाझर फुटेलच. शाळेचं काय होईल हा विचार मनात आला की त्या खिडकीबाहेर बघत.

मंगळवारी सकाळी त्यांनी कोरे कागद वाटले. "आज निबंध. तुम्हाला कोण शिकवतं आणि कसं शिकवतं, ते लिहा."

कुणीच पेन्सिल उचलली नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग श्याओमानने हात वर केला. कुठला हात वर करावा या गोंधळात आधी एक वर केला, मग दुसरा.

"मावशी," ती म्हणाली आणि चटकन तोंडावर हात ठेवला. "बाई. खरं लिहायचं की तपासणीचं?"

वर्गात कुणी हसलं नाही. बावीस जण उत्तराची वाट बघत होते, मनापासून, जसे गृहपाठ कुठल्या पानावरून कुठपर्यंत हे विचारून थांबतात तसे. शिन बाईंनी तोंड उघडलं. खरं लिहा म्हणावं, तर आपण मागच्या बुधवारी दार लावून काय शिकवलं ते या मुलांना कसं सांगायचं? आणि उद्या आणखी एक पथक आलं, मुलांना एकेकटं उभं करून विचारलं, की तुम्ही तेव्हा खोटं बोललात का आता बोलताय, तर मुलं कुणाकडे बघतील? आणि त्यांनी खरं सांगितलं तर याच मुलांची गाठोडी मातिएनला जातील.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "कागद परत द्या. गणिताची वही काढा."

मुलांनी सुस्कारे सोडले आणि वह्या काढल्या. कोरे कागद पुढे सरकवत आणले. येनच्यूचा कागद मात्र आला नाही. ती खाली मान घालून भराभर लिहीत होती, आणि बाई फळ्याकडे वळल्यावर उठून टेबलाशी आली. तिच्या हातात दोन कागद होते.

"दोन्ही लिहिलेत, बाई," ती हळूच म्हणाली. "एकात तुम्ही आहात, एकात लू बाई. ज्याला जो लागेल तो द्या."

ती जाऊन जागेवर बसली. शिन बाईंनी लाल पेन घेऊन दोन्ही कागद सवयीने ओळीओळीने तपासले. एकातही चूक नव्हती.